आधी मजकूर, मग मशीन

दसऱ्याला पाच दिवस राहिले होते. आमच्या अंकाचे तेरा फर्मे, म्हणजे २०८ पानं. त्यांतली दीडशेच्या आसपास लागून झाली होती. दुपारी अडीच वाजता ताईंचा फोन आला.

“मशीन बंद पडतंय गं. चालू केलं की दहा मिनिटं चालतं आणि परत बंद. आता पांढऱ्या अक्षरांत कसलं तरी तपासत बसलंय.”

“काय तपासतंय?”

“डिस्क.”

मी निघाले तेव्हा रस्त्यावर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर ताईंची खोली आहे. दहा बाय बारा, एक खिडकी, दोन टेबलं, भिंतीभर प्रुफांचे गठ्ठे. ताईंचे वडील छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या, ओळींची गॅली करायची. जुळवलेली गॅली हातातून निसटली तर शेकडो खिळे फरशीवर विखुरत आणि दिवसभराचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागे. ताई हे लहानपणी पाहत होत्या. पुढे त्या डीटीपी शिकल्या, आणि गेली कित्येक वर्षं आमचा अंक त्याच लावतात.

मी जिना चढून पोचले तोवर तपासणी अर्धवट सोडून मशीन पुन्हा बंद पडलं होतं. ताईंचा हात बटणाकडे गेला होता. तेवढ्यात फोनच्या स्पीकरवरून दुरुस्ती करणारा तरुण जवळजवळ ओरडलाच, “ताई, हात लावू नका! चालू करू नका आता. भिंतीतला प्लगच काढून ठेवा. मी येतोय.”

त्या क्षणी मला तो उगाच घाबरवतोय असं वाटलं. पुढचे अठरा तास त्याच्या मागेमागे हिंडल्यावर कळलं, की त्या दिवशीचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे ते न दाबलेलं बटण होतं.

हे मशीन बदलून नवं का घेतलं नाही, असं कुणीही विचारेल. मराठी अंक कसे तयार होतात हे जवळून पाहिलेल्यांना याचं उत्तर माहीत आहे. ताई पेजमेकरवर काम करतात. टेबलावर बसून छपाईची पानं लावता येतील असं हे सॉफ्टवेअर १९८५ साली पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने आणलं, आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दही त्यांचाच. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. त्यानंतर ते थांबलं, पण पेठांमधली त्यावरची कामं थांबली नाहीत. ताईंच्या फायली श्रीलिपीच्या जुन्या फाँटांमध्ये आहेत. त्या फाँटांत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेलं नसतं. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाँट काढून घेतला की पानभर निरर्थक चिन्हं उरतात. म्हणजे मजकूर, फाँट, पेजमेकर आणि विंडोज ७ हे सगळं एकमेकांच्या आधाराने उभं असतं. त्यातला एक धागा सुटला तरी वीस वर्षांचं काम मुकं होतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ला सुरक्षेचे अपडेट देणं जानेवारी २०२०मध्ये बंद केलं, म्हणून ताई हे मशीन इंटरनेटला जोडतच नाहीत. पानं पेनड्राइव्हवरून जातात.

मशीन २०१२च्या सुरुवातीचं होतं. त्यातली डिस्क ५०० जीबीची, आणि त्यालाही कारण आहे. २०११च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये मोठा पूर आला. बँकॉकच्या उत्तरेकडच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा आणि त्यांचे सुटे भाग तिथेच तयार होत होते. पुढचे काही महिने भाव जवळजवळ दुप्पट झाले. ताईंना एक टीबीची डिस्क हवी होती, ती परवडली नाही. “तेव्हा म्हटलं, नंतर बदलू,” त्या म्हणाल्या. त्यानंतर साडेबारा वर्षं गेली.

तो तरुण आला. मूळचा लातूरकडचा, नारायण पेठेत एका गाळ्यात दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलाखालून कॅबिनेट ओढून त्याने बाजूचं झाकण उघडलं. आम्हांला वाटलं, आधी पंखा बघेल, कारण मशीन तापल्यासारखं वाटत होतं. त्याने पंख्याकडे पाहिलंही नाही. दोन वायरी उपसल्या, चार स्क्रू काढले आणि डिस्क हातात घेतली. ती पातळ कापडात गुंडाळत म्हणाला, “मशीनला काय झालंय ते नंतर बघू. पंखा, बोर्ड, सगळं मार्केटात मिळतं. हे नाही मिळत.”

“पण डिस्कला काही झालंय का? गरम झाल्यामुळे बंद पडत असेल ना?” मी विचारलं.

“गरम झालंच आहे. पण डिस्क तपासत बसलं होतं, म्हणजे तिलाही काहीतरी म्हणायचंय. दोन पेशंट असू शकतात, मॅडम.”

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मशीन तापलं आणि डिस्क रुसली, की आपण दोन्हींची एकच कथा करून टाकतो. तापलं म्हणून डिस्क गेली, किंवा डिस्क जातेय म्हणून तापतंय. ताई गेला महिनाभर म्हणत होत्या, की मशीन सुस्त झालंय, पान उलटायला वेळ लावतंय. या सुस्तीचीही दोन कारणं असू शकतात. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. आणि डिस्कचा एखादा भाग वाचता येईनासा झाला की ती तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहते, तोवर सगळं मशीन तिच्यासाठी ताटकळतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओळखायचा तो कान आणि डोळ्यांनी. पंखा घोंघावत असेल तर पहिलं, आणि डिस्कचा दिवा लागून तसाच राहत असेल तर दुसरं. ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “दोन्ही.”

ताईंच्या चेहऱ्यावर काळजी मात्र अजून पुरती उमटली नव्हती. त्यांना एक भरवसा होता. “सगळ्याची एक कॉपी डी ड्राइव्हला असते माझी. सीला काही झालं तरी डी आहे.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग हातातली डिस्क दाखवत हळू आवाजात म्हणाला, “ताई, सी पण हीच आणि डी पण हीच. एका घराच्या दोन खोल्या आहेत त्या.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. कितीतरी कार्यालयांत, शाळांत, दुकानांत माणसं याच भरवशावर आहेत हे मला माहीत आहे. पडद्यावर दोन वेगळी चित्रं दिसतात, म्हणून दोन वेगळ्या पेट्या असतील असं वाटतं. विंडोज नव्याने टाकायचं असेल तर डीवरचा मजकूर वाचतो हे खरं, आणि तिथूनच हा समज पसरला. पण डिस्कच गेली तर दोन्ही खोल्या एकदमच पडतात.

नारायण पेठेतल्या त्याच्या गाळ्यात एक उघडं मशीन आहे, फक्त याच कामासाठी ठेवलेलं. त्यात स्वतःची डिस्क नाही. ते पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू होतं. विंडोजला डिस्क जोडली की ते लगेच तिच्यावर काही ना काही लिहू लागतं, आणि आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, हा त्याचा नियम. डिस्क टेबलावर आडवी ठेवून त्याने तिच्याकडे टेबलफॅन लावला. मग तिची ‘स्मार्ट’ नोंदवही उघडली.

प्रत्येक हार्ड डिस्क आपली आजारपणं स्वतःच लिहून ठेवत असते. या डिस्कने ३१ हजार तास काम केल्याची नोंद होती. रोजचे नऊ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर हिशेब जवळपास जुळतो. तापमान ५१ अंश. मग त्याने चार आकड्यांवर बोट ठेवलं. खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर १६. वाचता येत नाहीत पण अजून निकालही लागलेला नाही असे, ताटकळत ठेवलेले सेक्टर ४८. कुठल्याच उपायाने न वाचलेलेही ४८. आणि केबलमधून जाताना झालेल्या चुका शून्य.

“शून्य आहे हे वाईट झालं,” तो म्हणाला. “हा आकडा मोठा असता आणि बाकीचे शून्य असते, तर पन्नास रुपयांची केबल बदलून मोकळे झालो असतो. आता खरंच आतलं दुखणं आहे.”

आतलं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेतात. साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीच्या कडेचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर भरतो. त्या तबकडीवरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. म्हणूनच डिस्क घरी उघडून पाहायची नसते. खोलीतल्या हवेतला धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो.

वीज अचानक गेली तर हे तरंगणारं डोकं तबकडीवर आदळायला हवं. तसं सहसा होत नाही, आणि त्यामागची युक्ती ऐकून मला कौतुक वाटलं. वीज गेली तरी तबकड्या काही क्षण फिरत असतात. त्या फिरण्यातूनच मोटार उलटी वीज तयार करते, आणि तेवढ्या विजेवर हेड सुरक्षित जागी जाऊन बसतं. हेड वाचतं, पण लिहिता लिहिता अर्ध्यावर राहिलेला मजकूर वाचेलच असं नाही. विंडोजची एनटीएफएस ही पद्धत कुठली फाइल कुठे आहे याची खतावणी जपते, बंद पडल्यावर ती सावरूनही घेते. फाइलच्या आतल्या मजकुराची हमी मात्र ती देत नाही. ताईंचं मशीन दुपारपासून सहा-सात वेळा असं पडलं होतं, आणि बहुतेक वेळा पेजमेकर उघडा होता.

त्यात भर म्हणजे पांढऱ्या अक्षरांतली ती तपासणी, चेकडिस्क, दोनदा चालली होती. या साधनाबद्दल त्याचं म्हणणं मला पटलं. चेकडिस्क खतावणी दुरुस्त करते, त्यासाठी ती डिस्कवर लिहिते, जुळत नाहीत ते तुकडे उचलून वेगळ्या फोल्डरात टाकते. निरोगी डिस्कवर खतावणी बिघडली असेल तर ती उत्तम. पण डिस्कचा पृष्ठभागच जात असेल, तर नीट वाचता न आलेल्या माहितीच्या आधारे ती दुरुस्ती करत सुटते आणि थकलेल्या हेडला आणखी पळवते. पेशंट दम टाकत असताना त्याला जिने चढायला लावण्यासारखं आहे ते.

म्हणून आधी प्रत. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे, आंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं. नेहमीच्या कॉपीत आणि यात मोठा फरक आहे. साधी कॉपी खराब जागेशी आली की तिथेच झगडत बसते. हे साधन अडलेली जागा वहीत टिपून ठेवतं आणि पुढे सरकतं. सुखरूप आहे ते सगळं आधी काढून घेतं. मग मागे येऊन अडलेल्या जागांना लहान लहान घास घेत पुन्हा हात घालतं, हवं तर उलट्या दिशेनेही वाचतं. मध्येच वीज गेली तर वहीवरून नेमकं तिथूनच पुढे सुरू होतं. फायली, नावं, फोल्डर यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा ते दुसऱ्या डिस्कवर उतरवतं.

संध्याकाळी सहाला प्रत सुरू झाली. पडद्यावर एक ओळ सतत बदलत होती : शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला. शून्य सेकंद, शून्य सेकंद, शून्य. मी त्या ओळीकडे पाहत बसले होते, तेव्हा तो म्हणाला, “चला मॅडम, आपण बघितल्याने ती पळत नाही. तोवर ताईंचं मशीन काय म्हणायलंय ते बघू. तापकीर गल्ली आठनंतर मिटते.”

आप्पा बळवंत चौकातून, पुस्तकांच्या दुकानांपुढच्या गर्दीतून आम्ही चालत गेलो. वाटेत ताईंचा फोन. शेजारच्या कुणी तरी त्यांना सांगितलं होतं, की हार्ड डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालते. तो रस्त्यातच थांबला आणि शांतपणे समजावू लागला, की फ्रीजरमधून काढलेल्या गार धातूवर दव धरतं, ते आत तबकडीवर धरलं तर उरलीसुरली आशाही जाईल. फार जुन्या डिस्कच्या बाबतीत हा उपाय कधी लागू पडल्याच्या गोष्टी त्यानेही ऐकल्या आहेत. पण तो म्हणतो, ज्याच्याकडे दुसरी प्रत नाही त्याने गोष्टींवर चालू नये.

तापकीर गल्लीत त्याने पेस्टची ट्यूब आणि प्लास्टिकच्या चार पिनांचा एक संच घेतला. पिना कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

ताईंच्या खोलीत आता डिस्क नसलेलं मशीन सुरू केलं. त्याने बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारी बोर्डावरची व्यवस्था, उघडून तापमानाच्या पानावर आणलं आणि आम्ही तिघं नुसते पाहत बसलो. ७४, ८१, ८८. सात मिनिटांनी ९७ आणि पडदा काळा. त्या बोर्डाच्या बायोसमध्ये तापमान मर्यादेबाहेर गेलं की बंद पडायची सोय लावलेली होती.

“झालं निदान,” तो म्हणाला. “डिस्क नाही, विंडोज नाही, व्हायरस नाही, पेजमेकर नाही. तरी बंद पडलं. म्हणजे तापण्याचा आजार पूर्ण वेगळा आहे.”

मला या पद्धतीचं मोल शब्दांत सांगणं अवघड वाटतं. एकेक गोष्ट बाजूला काढायची आणि आजार उरतो का ते बघायचं. आठ गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन कदाचित चालेलही, पण कशाने चाललं ते कळणार नाही, आणि महिन्याने तेच दुखणं परत येईल. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर अनेक ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत मिळतं. या मशीनला ते कुणी दिलं असतं, तर मजकूर गेला असता आणि मशीन सात मिनिटांनी पुन्हा बंद पडलं असतं.

मग त्याने एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, दुसरा लावून पाहिला, रॅम काढून घासून बसवली, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. सगळं ठीक. प्रोसेसरवरचा पंखाही जोरात फिरत होता. शेवटी त्याने मशीन पुन्हा सुरू केलं, आकडा ९०च्या पुढे गेल्यावर ते बंद केलं आणि पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, हीटसिंकवर, बोट ठेवलं. “तुम्ही पण हात लावा.”

मी भीत भीत लावला. पाती नुसती कोमट होती.

इथेच गोम होती. आतला चिप ९० अंशांवर आणि त्याच्या डोक्यावरचा हीटसिंक कोमट, म्हणजे उष्णता चिपकडून वर पोचतच नव्हती. या प्रोसेसरची उष्णता ६५ वॉटपर्यंत जाते. ऐकायला आकडा लहान आहे. पण ती निर्माण होते नखाएवढ्या जागेत. हिशेब केला तर चौरस सेंटिमीटरमागे ती घरच्या इस्त्रीच्या तव्यापेक्षाही कितीतरी दाट भरते. ही उष्णता क्षणाक्षणाला उपसून बाहेर टाकावी लागते. त्यासाठी हीटसिंक चिपला घट्ट चिकटलेला हवा. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात आणि फटींत हवा असते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हवा उष्णता हजारो पटींनी सावकाश नेते. पेस्ट असते ती या फटी भरायला. ती तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, कारण तिचं काम हवेला हाकलण्याचं आहे, थर देण्याचं नाही.

त्याने हीटसिंक उचलला. चारपैकी दोन पाय सहज वर आले. प्लास्टिकच्या पिनांची टोकं तुटलेली होती. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन प्लास्टिक कडक होतं. उन्हाळ्यात साफसफाई झाली तेव्हा पंखा काढून परत दाबला गेला, आणि बहुधा तेव्हाच पिना तडकल्या. तेव्हापासून हीटसिंक एका बाजूने किंचित उचललेला होता. पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आणि पात्यांच्या तोंडावर करडा, जाड, नमद्यासारखा थर होता. तो ब्रशने निघाला नाही, अख्खा सोलून आला. ताईंनी तो हातात घेऊन चुरला. “कागद आहे हा,” त्या म्हणाल्या. बारा वर्षांच्या प्रुफांची भुकटी. मशीन टेबलाखाली, फरशीवर, कापलेल्या कागदांच्या शेजारीच असायचं.

नव्या पिना, नवी पेस्ट, कॅबिनेट फरशीवरून उचलून विटांवर. पुन्हा बायोस. ४४, ४७, ४८. पाऊण तास आम्ही चहा पीत तो आकडा पाहिला. ४९च्या पुढे तो गेलाच नाही.

“पण मग या तापण्यानेच डिस्क गेली ना?” ताईंनी विचारलं. त्यांना स्वतःला दोष द्यायचा होता, हे स्वरावरून कळत होतं.

या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी, पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी, आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांची अपेक्षा होती, की गरम डिस्क जास्त मरतील. तसा ठळक संबंध त्यांना सापडला नाही. उलट थंड राहिलेल्या डिस्कांमध्येच बिघाड जास्त दिसले. उष्णतेचा वाईट परिणाम जाणवला तो फार चढ्या तापमानाला आणि वय झालेल्या डिस्कांवर. त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी ताईंच्या डिस्कला थेट लागू होत्या. तपासणीत पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता दोष नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आणि बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी नोंदवहीतल्या चार महत्त्वाच्या रकान्यांत आधी एकही खूण दाखवली नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीर असतो, आणि इशारा न मिळणं म्हणजे अभय नव्हे. ताईंच्या डिस्कने निदान इशारा तरी दिला. तिचं वय झालं होतं. तापण्याने तिला त्रास झाला असेल, वारंवार बंद पडण्याने फायली नक्कीच फाटल्या. पण ताईंनी पंखा पुसला नाही म्हणून डिस्क गेली, असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

रात्री अकराला आम्ही गाळ्यावर परतलो. सुखरूप होता तो सगळा भाग पहिल्या दोन-अडीच तासांतच निघून आला होता. आता साधन अडलेल्या जागांवर परत आलं होतं, आणि ती ओळ बदलली होती. शेवटचं यशस्वी वाचन होऊन ४ मिनिटं. ९ मिनिटं. डिस्कमधून मध्येच बारीक टक् असा आवाज येई. आवाज आला की तो मान वर करी. टक् टक् असा लयीत सुरू झाला असता, तर हेडच गेलं असं समजून तो तिथेच थांबणार होता. मग डिस्क स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेतच पाठवावी लागते. तो खर्च आमच्यासारख्या अंकाला झेपला नसता, पण त्याने तसं आधीच स्पष्ट सांगून ठेवलं होतं, आणि ते मला आवडलं. आवाज लयीत आला नाही.

सकाळी आठ वाजता हिशेब हातात आला. ५०० जीबीपैकी न निघालेला भाग सुमारे ६०० केबी.

मी आनंदाने ताईंना फोन केला, “किरकोळच गेलंय.” फोन ठेवल्यावर मात्र मनात हिशेब मांडला. आमचा अंक २०८ पानांचा. चित्रं, जाहिराती वगळून निव्वळ मजकूर मोजला, तर ताईंच्या जुन्या फाँटांत तो साधारण पाच लाख अक्षरं भरतो, म्हणजे जवळपास ५०० केबी. ६०० केबीत अख्खा अंक मावतो. जगातली पहिली हार्ड डिस्क, आयबीएमची १९५६ सालची रॅमॅक, कपाटाएवढी होती, तिच्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, आणि तीत मावत होती पन्नास लाख अक्षरं. असे दहा अंक तिच्यात बसले असते. आकडा लहान आहे की मोठा, ते त्यात काय लिहिलेलं होतं यावर ठरतं.

चेकडिस्क आता चालवली, ती प्रतीवर. “ही बिघडली तर दुसरी काढू. मूळ डिस्कला आता कुणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला. न निघालेल्या जागा कुठल्या फायलींच्या पोटात होत्या, त्याची यादी निघाली. बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या फायली, त्या नव्याने टाकता येतात. दोन जुन्या लग्नपत्रिका. आणि आमच्या अंकातला एक लेख.

तो लेख एका निवृत्त शिक्षकांचा होता. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी फुलस्केपवर हाताने लिहून पाठवलेला, सोळा पानांचा. उघडून पाहिला, तर फाइल अकराव्या पानापर्यंत उमटली आणि पुढे पेजमेकरने हात टेकले. डी ड्राइव्हवरची प्रत शाबूत होती, पण आठ दिवसांपूर्वीची, म्हणजे लेखकाने दुसरं प्रूफ तपासण्याआधीची. त्या तपासणीत त्यांनी शेवटचा भाग जवळजवळ नव्याने लिहिला होता.

ताई उठल्या. भिंतीलगतच्या गठ्ठ्यांतून त्यांनी एक पिवळी फाइल ओढली. दुसरं प्रूफ. समासात निळ्या शाईतल्या दुरुस्त्या, काही ठिकाणी कागद उलटून मागच्या बाजूलाही लिहिलेलं, बाण काढून, आकडे घालून. कामाचे कागद अंक छापून होईपर्यंत फेकायचे नाहीत, ही त्यांच्या वडिलांची शिस्त.

नव्या डिस्कवर सगळं परत बसायला दुपारचे दोन वाजले. जाताना त्याने एक बाहेरची डिस्क ताईंच्या हातात दिली. “रोज काम संपलं की यावर कॉपी. मग वायर काढून कपाटात. जोडून ठेवायची नाही.” आणि शनिवारी तीच कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या घरी ठेवायची, असं आम्ही तिथल्या तिथे ठरवलं.

मग आम्ही दोघी बसलो. आठ दिवसांपूर्वीची फाइल पडद्यावर, निळं प्रूफ माझ्या हातात. मी मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि ताईंनी दुरुस्त करत जायचं. छापखान्यात त्यांचे वडील जुळवायचे तेव्हा समोर असाच एक वाचक बसायचा, असं त्या मध्येच म्हणाल्या. बाराव्या पानावर एक शब्द आम्हां दोघींना लागेना, म्हणून लेखकांना फोन केला. त्यांनी तो शब्द सांगितला आणि लगेच विचारलं, “बदलू का अजून थोडं?” ताईंनी मान हलवून नाही म्हटलं, मी फोनवर हो म्हटलं, आणि त्यांनी एक वाक्य सांगितलं. ते वाक्य लेखाचं सर्वांत चांगलं वाक्य ठरलं.

खिडकीबाहेर अंधार पडला तेव्हा सोळावं पान संपत आलं होतं. फोन वाजला. तो तरुण होता. “ताई, किती?”

ताईंनी पडद्याच्या कोपऱ्यात आज त्यानेच लावून दिलेल्या आकड्याकडे पाहिलं. “एक्कावन्न.”

“सलग किती तास चालू आहे?”

“दोन वाजल्यापासून.”

“चालू द्या,” तो म्हणाला, आणि मी पुढची ओळ वाचायला घेतली.